शांत पाण्याची ओढ

आपला मॉरिशस देश चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बेटावरील कोणत्याही गावातून निघालो तरी फार वेळ न लागता आपण किनाऱ्यावर पोहोचतो. रविवार किंवा सार्वजनिक सुट्टी आली की कुटुंबेच्या कुटुंबे बसगाड्या भरून समुद्राकडे निघतात. फिलाओच्या झाडांखाली चटया पसरल्या जातात, घरून आणलेले डबे उघडले जातात, आणि मोठी माणसे बसतात न बसतात तोच मुले पाण्यात शिरलेली असतात. समुद्र म्हणजे जणू आपल्या घरचेच अंगण, असे आपण मानतो.

परंतु अशाच एखाद्या रविवारनंतर वर्तमानपत्रात एक छोटी बातमी येते. अमुक किनाऱ्यावर पोहावयास गेलेला तरुण बुडाला. त्या बातमीत पुष्कळदा एक वाक्य असते : तो चांगला पोहणारा होता. आपण हळहळतो व पान उलटतो. वाचकहो, आज मी त्याच एका वाक्याजवळ थोडी थांबणार आहे. चांगला पोहणारा मनुष्य का बुडतो? आणि समुद्राच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना ह्याचे उत्तर का सांगता येत नाही?

उत्तर असे आहे की समुद्रात पोहणाऱ्यास पुष्कळदा लाट बुडवीत नाही, तर किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना ज्या वाटेने जाते ती वाट बुडविते. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटत असतात. ते पाणी किनाऱ्यावर साठून राहू शकत नाही, त्याला परत जावेच लागते. जेथे तळ थोडा खोल असेल किंवा अडथळा तुटलेला असेल, तेथे ते एकत्र येते आणि एका अरुंद पट्ट्यातून वेगाने बाहेर निघते. ह्याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. आपण त्याला परतीचा प्रवाह म्हणू. पूर्वी लोक त्याला रिप टाइड, म्हणजे एक प्रकारची ओहोटीच समजत. १९३६ साली फ्रान्सिस शेपर्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे नाव चुकीचे असल्याचे दाखवून रिप करंट हा शब्द सुचविला, कारण ह्या प्रवाहाचे मूळ ओहोटीत नसून लाटांत आहे.

हा प्रवाह माणसाला खाली ओढीत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. तो त्याला बाहेर नेतो. त्याचा वेग पुष्कळदा सेकंदाला अर्धा मीटर असतो, म्हणजे मिनिटाला तीस मीटर. समुद्र खवळला असता तो सेकंदाला दोन मीटर किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. आता माझ्या वर्गात मुलांना घालते तेच गणित आपणही करून पाहावे. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या जलतरणपटूने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन मीटरांहूनही थोडा कमीच होता, आणि तोही पाऊण मिनिटापुरता. मग रविवारी दुपारी जेवून पाण्यात उतरलेला आपला भाऊ किंवा मुलगा त्या प्रवाहाविरुद्ध किती वेळ हात मारणार? तो थकतो, घाबरतो, त्याच्या नाकातोंडात पाणी जाते. समुद्र त्याला बुडविण्यापूर्वी त्याची दमछाक त्याला बुडविते. चांगला पोहणारा आपल्या बळावर भरवसा ठेवून प्रवाहाशी झुंजतो, आणि पुष्कळदा ह्याच कारणाने प्राण गमावितो.

ऑस्ट्रेलियात किनाऱ्यांवर जीवरक्षकांची मोठी परंपरा आहे. तरीही तेथे २००४ ते २०११ ह्या काळात अशा प्रवाहांमुळे दरवर्षी सरासरी २१ माणसे दगावल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. वणवे, पूर, चक्रीवादळे किंवा शार्क माशांचे हल्ले, ह्यांपैकी कोणत्याही एका कारणाने होणाऱ्या सरासरी मृत्यूंपेक्षा हा आकडा मोठा होता. शार्कची भीती सर्वांना वाटते, पण पाण्याच्या एका गुळगुळीत पट्ट्याची भीती कोणास वाटते?

येथे कोणी म्हणेल, ऑस्ट्रेलियाचा समुद्र उघडा आहे. आपल्या बेटाभोवती तर प्रवाळाची भिंत आहे. हे खरे आहे. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची ही प्रवाळाची कडा मोठ्या लाटांना बाहेरच अडवून धरते. दूरवर जी पांढऱ्या फेसाची रेघ दिसते, जिला आपण सगळे ब्रिझां म्हणतो, तीच ही कडा. तिच्या आतील उथळ व निळसर पाण्याचे सरोवर आपल्या मुलांना सुरक्षित वाटते, आणि पुष्कळ अंशी ते सुरक्षित आहेही. दक्षिणेस सुयाकपासून ल बूशोंपर्यंतच्या किनाऱ्यावर ही कडा नाही. ग्री-ग्री येथे महासागराच्या लाटा सरळ खडकांवर येऊन आदळतात, आणि तेथे पोहण्यास मनाई आहे. ते पाणी पाहूनच मनुष्य मागे सरतो. खरी फसगत होते ती शांत दिसणाऱ्या सरोवरात.

ही फसगत समजावी म्हणून मी वर्गात एक साधा प्रयोग करते. एक पसरट परात घ्यावी. तिच्या एका बाजूस ओल्या वाळूचा उतार करावा, तो आपला किनारा. परातीच्या मधोमध ओल्या मातीची बुटकी भिंत घालावी, ती ब्रिझां. भिंतीत एके ठिकाणी दोन बोटे रुंदीची फट ठेवावी. आता भिंतीच्या पलीकडून तांब्याने पाणी भिंतीवरून आत लोटीत राहावे, लाटा लोटतात तसे. किनाऱ्याजवळ आगकाडीची एक काडी सोडावी. थोडा वेळ ती जागच्या जागी डुलते. मग किनाऱ्याच्या कडेकडेने सरकू लागते, मग वळते, आणि फटीजवळ येताच बाणासारखी बाहेर निघून जाते. मुले ओरडतात, “मॅडम, ती पळाली!” मी त्यांना विचारते, भिंतीवर लाट फुटत होती तेथे काडी गेली का? नाही. जेथे लाट फुटत नव्हती तेथूनच ती गेली.

परातीतली ही फट म्हणजे आपल्या समुद्रातली पास. ब्रिझांवरून आत आलेले पाणी पासमधूनच बाहेर पडते. बाहेर लाटा जितक्या मोठ्या, तितके अधिक पाणी आत येते आणि पासमधली ओढही तितकीच वाढते. ओहोटीची वेळ असेल तर तिची भर पडते. ल मोर्नजवळच्या सें जाक पासमधील जोरदार प्रवाह पाणबुड्यांना चांगलाच ठाऊक आहे. कोळी बांधवांना तर प्रत्येक पासचा स्वभाव माहीत असतो, कारण त्यांच्या पिरोगी रोज त्याच दारातून जातात-येतात. परंतु किनाऱ्यावर सहलीस आलेल्या माणसाला ते दार दिसत नाही. त्याला फक्त दिसते की तेथे लाटा नाहीत, पाणी गडद व स्थिर आहे, म्हणजे पोहावयास ती जागा उत्तम.

हे मला पुस्तकातून समजलेले नाही. मी अकरा वर्षांची असताना आमचे कुटुंब नैर्ऋत्येकडील एका किनाऱ्यावर सहलीस गेले होते. माझे मामा नदीच्या डोहात पोहावयास शिकलेले, अंगाने दणकट. आम्हा मुलांचा चेंडू पाण्यावरून हळूहळू दूर जाऊ लागला तेव्हा ते हसत त्याच्या मागे गेले. चेंडू काही केल्या हाती लागेना. आजी किनाऱ्यावरून हाका मारीत होती, आणि मामा हात हलवून येतो येतो म्हणत होते. मग ते वळले व आमच्याकडे पोहू लागले. ते पोहत होते, परंतु जवळ येत नव्हते. ते दृश्य मी अजून विसरले नाही. एका कोळ्याने ते पाहिले आणि आपली पिरोग त्या बाजूस नेली. मामांना नावेत ओढून घेतले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्या दिवशी वारा नव्हता, आभाळ स्वच्छ होते, आणि आमच्या समोर एकही मोठी लाट नव्हती. आजही विसर्जनाच्या दिवशी मामा पाण्यात उतरत नाहीत. ते काठावर उभे राहून मुले मोजीत असतात.

विसर्जनाचा उल्लेख मी मुद्दामच केला आहे, कारण हा विषय आपल्या मराठी समाजाच्या फार जवळचा आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण ऋतूचे. आपल्या येथे मे ते ऑक्टोबर हे महिने थंडीचे व आग्नेय वाऱ्यांचे. ह्याच काळात आपल्या दक्षिणेस, चाळीस अंशांच्या पलीकडील महासागरात मोठी वादळे होतात. तेथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. वादळ तेथे, लाट येथे. आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना ब्रिझांवर पाण्याचे डोंगर फुटत असतात. २००७ सालच्या मे महिन्यात अशाच लाटांनी रियुनियनच्या व आपल्या दक्षिण किनाऱ्यावर नुकसान केले होते. शिवाय ह्या लाटा एकसारख्या येत नाहीत, त्यांचे गट असतात. काही मिनिटे शांतता, मग एकामागून एक मोठ्या लाटा, आणि त्यांच्यापाठोपाठ पासमध्ये एकदम वाढलेली ओढ. गणेश चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. म्हणजे आपला गणपती नेमका ह्या दिवसांत समुद्रावर जातो.

दुसरे कारण जागेचे. प्रवाळ गोड्या पाण्यात व गाळात वाढत नाही. म्हणून नदी जेथे समुद्रास मिळते तेथे समोरची ब्रिझां बहुधा तुटलेली असते. आपल्या बेटावरील कित्येक पास अशा नदीमुखांसमोरच आहेत. तामारें येथे तर उपसागराच्या समोर कडा नसल्यामुळेच लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक जमतात. आणि आपण विसर्जनासाठी कोणती जागा पवित्र मानतो? नदी व सागर ह्यांचा संगम! श्रद्धेच्या दृष्टीने ही निवड योग्यच आहे. परंतु ज्या जागी नदीचे पाणी बाहेर जाते व सरोवराचेही पाणी बाहेर जाते, त्या जागी शेकडो माणसे, लहान मुले, भिजलेल्या साड्या व धोतरे, वाद्यांचा गजर आणि उत्साह एकत्र येतात, ह्याचा विचार मंडळांनी केला पाहिजे. कमरेइतक्या पाण्यात मूर्ती सोडून मागे फिरणाऱ्यास सहसा काही होत नाही. धोका असतो तो मूर्तीच्या पाठोपाठ पुढे पोहत जाणाऱ्या तरुणांना.

आपले पूर्वज कोकण किनाऱ्यावरून आले. त्यांनाही समुद्राची ओळख होती, परंतु तो समुद्र वेगळा. तेथे प्रवाळाची भिंत नाही, आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात दोन मीटरांहूनही अधिक फरक पडतो. तेथील शहाणपण असे की ओहोटीच्या वेळी सांभाळावे. येथे तो फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे येथे नुसती ओहोटी पाहून चालत नाही, ब्रिझांवरची लाट पाहावी लागते. दुर्दैवाने कोकणातही आज हे शहाणपण शहरातून येणाऱ्या मुलांजवळ राहिलेले नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे विद्यार्थी, असे दोन सहलींतील वीसहून अधिक तरुण जीव समुद्राने घेतले. ज्या गावांची नावे आपण आजोबांच्या तोंडून ऐकली, त्याच प्रदेशातल्या ह्या बातम्या आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविलेल्या जागाही आता तशाच राहिलेल्या नाहीत. २००१ साली बंदी येईपर्यंत बांधकामासाठी सरोवरातून वाळू काढली जात असे. समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८ पासून कित्येकदा प्रवाळ पांढरे पडले आहेत. जगभरातील प्रवाळकडांचा अभ्यास सांगतो की निरोगी कडा लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ती शोषून घेते. ती कडा झिजली की आत येणारे पाणी वाढते, किनारा खचतो, वाळूचा तळ बदलतो. म्हणून ‘आम्ही लहानपणी येथेच पोहत होतो’ हे वाक्य आज कोणाच्याही मुलाचे रक्षण करू शकणार नाही.

मग काय करावे? समुद्रास घाबरून घरी बसावे काय? मुळीच नाही. पोहणे अवश्य शिकावे. परंतु पोहणे शिकणे ही एक विद्या आहे आणि समुद्र वाचणे ही दुसरी. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे काठावर उभे राहून पाहावे. ब्रिझांची पांढरी रेघ कोठे तुटली आहे? पाण्याचा गडद पट्टा कोणत्या बाजूस जातो? फेस, शेवाळ किंवा गढूळ वाळू बाहेरच्या दिशेने वाहत आहे काय? तसे असेल तर ती जागा सोडून द्यावी. हवामान खात्याने मोठ्या लाटांचा इशारा दिला असेल तर सरोवर कितीही शांत दिसो, त्या दिवशी पाण्यात जाऊ नये. जेथे पोहण्याचे क्षेत्र बोयांनी आखलेले आहे, तेथे त्याच्या आतच राहावे. दारू पिऊन समुद्रात उतरू नये, हे तर सांगावयासही नको, तरीही दर सहलीत ते सांगावे लागते.

प्रवाहात सापडल्यास तीन गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्याव्यात. पहिली, झुंजू नये, उताणे होऊन तरंगावे व श्वास सांभाळावा. दुसरी, हात वर करून मदत मागावी, त्यात लाज नाही. तिसरी, किनाऱ्याच्या दिशेने सरळ न येता आडवे, किनाऱ्याला समांतर पोहून त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडावे, आणि मग परत फिरावे. वाळूच्या उघड्या किनाऱ्यांवर तरंगती उपकरणे सोडून केलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की प्रवाह पुष्कळदा गोल फिरून वस्तू परत उथळ पाण्याकडे आणतो. पासची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे प्रवाह बाहेर नेतो, परंतु पासच्या पलीकडे गेल्यावर त्याचा जोर कमी होतो. अशा वेळी फुटत्या लाटांतून प्रवाळावर चढण्याचा प्रयत्न करू नये. तरंगत राहून नावेची वाट पाहावी.

आणि काठावरच्या माणसांनी काय करावे? एकाला वाचविण्यास दुसरा उडी घेतो व दोघेही जातात, असे जगभर घडते. बाप मुलासाठी जातो, भाऊ भावासाठी जातो. त्या मायेपुढे कोणाचे शहाणपण चालणार? म्हणून साधन आधीच जवळ ठेवावे. एक लांब दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, मोठा चेंडू, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे. एकाने बोट दाखवीत बुडणाऱ्यावरची नजर हलवू नये, दुसऱ्याने ९९९ वर पोलिसांना व ११४ वर रुग्णवाहिकेस कळवावे, तिसऱ्याने जवळच्या कोळ्यास गाठावे.

ह्यापुढचे काम एकट्या कुटुंबाचे नाही. सर्वच किनाऱ्यांवर दिवसभर जीवरक्षक असत नाहीत, आणि पाटी वाचूनही पाण्यात जाणारा जातोच. पाटी मना करते, कारण सांगत नाही. कारण सांगण्याचे काम शाळेचे आहे. परातीचा तो प्रयोग करण्यास ना पैसा लागतो, ना तरणतलाव. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरविला आहे. तो मोठ्या लाटांच्या ऋतूत व गणपतीच्या थोडा आधी येतो. त्या सुमारास आपल्या प्रत्येक मराठी वर्गात व बैठकेत एक तास ह्या विषयाला द्यावा, अशी माझी सूचना आहे. पास, ब्रिझां, प्रवाह, ओढ हे शब्द शिकविताना भाषाही शिकविली जाईल आणि जीवही वाचेल.

मंडळांनाही एक विनंती. मूर्ती, आरास, मिरवणूक ह्यांच्यासाठी आपण समित्या नेमतो. तशी दोन-चार माणसे पाण्यासाठी नेमावी. त्यांनी आदल्या दिवशी जागा पाहावी, गावच्या कोळ्याला विचारावे, पाण्यात दोरी बांधून मर्यादा आखावी, आणि विसर्जनाच्या वेळी मूर्तीकडे न पाहता माणसांकडे पाहावे. ही सेवा आरतीहून कमी नाही.

माझे मामा आता वृद्ध झाले आहेत. काठावर उभे राहून ते जे काम एकटे करीत आले, ते ह्या वर्षी प्रत्येक मंडळात कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावे. गणपतीला निरोप देताना आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. त्याच्याबरोबर गेलेली सर्व मुले त्याच संध्याकाळी घरी परत यावीत, एवढी काळजी तरी आपण घेतलीच पाहिजे.